जिप्सीचं ॲव्हरेज कुठे गळत होतं

माझी मारुती जिप्सी (फोर-व्हील ड्राइव्ह गाडी) १९९९ची, कार्बोरेटरवाली. सातारा-कास ये-जा कायमची. गेल्या पावसाळ्यानंतर ती लिटरला जेमतेम आठ किलोमीटर द्यायला लागली. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) साफ केले, प्लग बदलले, फरक शून्य.

एकदा यवतेश्वरचा घाट चढून वर थांबलो आणि सहज चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढच्या डाव्या चाकाशी चटका बसला. चढताना ब्रेक तर जवळपास दाबलाच नव्हता! घरी येऊन चाक जॅकवर घेतलं, तर हाताने फिरेना. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना चिखलपाण्याने गंजून अडकल्या होत्या, पॅड सतत घासत होतं. पिना घासून ग्रीस लावलं आणि चाक एका हाताने गरगर फिरलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हाच दिसलं, पुढचे हबही (चाक ॲक्सलला जोडणारं किंवा मोकळं सोडणारं कुलूपच म्हणा) पावसाळ्यापासून लॉकवरच. म्हणजे टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या जोरावर) चालवतानाही पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) आणि शाफ्ट उगाच फिरत होते. ते फ्री केले.

आता त्याच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल मोजतो. साडेदहा मिळतंय. मोठे टायर टाकले असतील तर मीटरवर विसंबू नका. तो किलोमीटर कमी दाखवतो आणि गाडीला फुकटचा दोष लागतो.