स्पार्क आणि कॅसान्ड्रा: शब्द एक, पार्टिशनं दोन

स्पार्क (मोठ्या डेटावर अनेक यंत्रांत मिळून काम करणारं इंजिन) आणि कॅसान्ड्रा (अनेक यंत्रांवर पसरलेला डेटाबेस) जोडताना बहुतेक गोंधळ एका शब्दापासून सुरू होतो: पार्टिशन. कॅसान्ड्रात पार्टिशन म्हणजे एकाच पार्टिशन-की (रो कुठे साठवायचा हे ठरवणारे कॉलम) खाली साठवलेले सगळे रो. स्पार्कमध्ये मात्र पार्टिशन म्हणजे एका टास्कच्या (कामाच्या एका भागाच्या) वाट्याला आलेला डेटाचा तुकडा, आणि त्या तुकड्यात कॅसान्ड्राची हजारो पार्टिशनं बसू शकतात.

टेबल वाचताना कनेक्टर (दोघांना जोडणारी लायब्ररी) टोकन रिंगचे, म्हणजे कीवरून काढलेल्या आकड्यांच्या (टोकनांच्या) वर्तुळाचे, पट्टे पाडतो आणि एकेक पट्टा एकेका टास्कला देतो. कनेक्टरच्या ३.० पासूनच्या आवृत्त्यांत एका तुकड्याचा ठरलेला आकार ५१२ एमबी आहे, म्हणजे २०० जीबीच्या टेबलाला साधारण ४०० टास्क. हा हिशोब अंदाजी आकड्यांवर चालतो, त्यामुळे थोडं पुढेमागे होतं. खरी अडचण वेगळीच आहे. एका कीचं टोकन एकच असतं, म्हणून एक पार्टिशन कधीच दोन टास्कमध्ये विभागलं जात नाही. एखादं पार्टिशन ३ जीबीचं झालं असेल, तर बाकीची टास्क संपून जातात आणि एकच टास्क रखडत राहतं. रीपार्टिशन (स्पार्कमध्ये डेटाची नव्याने वाटणी) लावून हे सुटत नाही, कारण ते वाचन झाल्यानंतर होतं. इलाज डेटा मॉडेलमध्येच करावा लागतो: कीमध्ये दिवस किंवा तास घालून पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवायचं.

फिल्टर कॅसान्ड्रापर्यंत पोचतो की नाही, हे एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारा आदेश) दर वेळी पाहावं. पार्टिशन-कीचे सगळे कॉलम दिले असतील, तर तो खाली उतरतो. क्लस्टरिंग कॉलमवरचा (पार्टिशनमधल्या रोंचा क्रम ठरवणाऱ्या कॉलमवरचा) फिल्टर त्यांच्या क्रमानेच द्यावा लागतो, मधला गाळून पुढचा चालत नाही. आणखी एक सापळा सहज नजरेतून सुटतो. की टेक्स्ट प्रकारची असेल आणि तुलना आकड्याशी केली, तर स्पार्क कॉलमवरच कास्ट (प्रकाराचं रूपांतर) लावतो. मग तो फिल्टर खाली जात नाही आणि एका रोसाठी अख्खं टेबल वाचलं जातं.

जॉइनचंही (दोन डेटा कीवर जुळवण्याचंही) तसंच आहे. हातात दहा हजार की आहेत आणि टेबलात कोट्यवधी रो, तर नेहमीचा जॉइन आधी पूर्ण टेबल ओढून आणतो. आरडीडी (स्पार्कचा खालच्या पातळीचा डेटा संग्रह) वापरत असाल, तर जॉइन-विथ-कॅसान्ड्रा-टेबल फक्त हव्या त्या की मागवतो. डेटाफ्रेममध्ये (स्पार्कमधलं कॉलमांचं टेबलासारखं रूप) हेच काम डायरेक्ट जॉइन करतो, पण त्यासाठी सेशन सुरू करताना कॅसान्ड्राची एक्स्टेन्शन नोंदवलेली हवीत आणि जॉइनच्या अटीत पूर्ण पार्टिशन-की हवी. नोंदणी राहिली तर एरर येत नाही, जॉब नुसता हळू चालतो. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

ज्या क्लस्टरवर (कॅसान्ड्राच्या यंत्रांच्या गटावर) वापरकर्त्यांचं ॲप चालतं, त्यावरच स्पार्कचे मोठे स्कॅन चालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कॅसान्ड्रात विश्लेषणासाठी वेगळं डेटा सेंटर उभं करता येतं. कीस्पेसचं (टेबलांच्या गटाचं) रेप्लिकेशन (प्रती ठेवणं) तिथपर्यंत वाढवा, नव्या नोडवर (यंत्रावर) नोडटूल रीबिल्ड हा जुना डेटा तिथे आणणारा आदेश चालवा, आणि कनेक्टरला लोकल डीसी (डेटा सेंटर) म्हणून तेच नाव द्या. कन्सिस्टन्सी (किती प्रतींनी उत्तर द्यायला हवं) लोकल-वन, म्हणजे त्याच सेंटरमधली एक प्रत, किंवा लोकल-कोरम, म्हणजे तिथल्या प्रतींचं बहुमत, ठेवा. नुसता कोरम (सगळ्या सेंटरमधल्या प्रतींचं बहुमत) लावला, तर प्रत्येक विनंती पुन्हा मूळ डेटा सेंटरकडेही जाऊ लागते आणि वेगळेपणाचा उपयोग राहत नाही.

लिहिताना सगळ्यात जास्त जपावं लागतं, कारण इथे स्पार्क डेटाबेसला सहज बुडवू शकतो. एका टास्कमधून एका वेळी ५ बॅच (एकत्र पाठवलेल्या लेखनांचे गट) जातात, म्हणजे ४० कोअर चालू असताना २०० बॅच वाटेत असतात. नोडची राइट टाइमआउट मुदत मुळात २ सेकंदांची. सुरुवातीला सगळं सुरळीत दिसतं, मग कम्पॅक्शन (डेटाच्या फाइली एकत्र करण्याचं काम) साचत जातं आणि टाइमआउट सुरू होतात. अशा वेळी कोअर वाढवणं उलटं पडतं. आउटपुटची थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा लिहायचा त्याची) मर्यादा लावा. ती दर कोअरमागे असते, हे विसरू नका: सेटिंगमध्ये १ एमबी टाकलं, तर ४० कोअरचे सेकंदाला ४० एमबी होतात. नोडटूल कम्पॅक्शनस्टॅट्समधला पेंडिंग आकडा चढतच राहिला, तर मर्यादा आणखी खाली आणा.

टास्क फसलं की स्पार्क ते पुन्हा चालवतो, आणि आधी लिहिलेले रो परत लिहिले जातात. साध्या कॉलमना त्याचा त्रास नाही, कारण त्याच कीवर तीच किंमत पुन्हा बसते. काउंटर (प्रत्येक लेखनात बेरीज होणारा कॉलम) मात्र दुप्पट वाढतो, आणि लिस्टमध्ये जोडलेली नोंद दोनदा दिसते. की म्हणून जॉबमध्येच यादृच्छिक यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) बनवत असाल, तर त्याच नोंदीचे दोन रो तयार होतात. की नेहमी मूळ डेटामधूनच काढा.

आणि नल, म्हणजे रिकामी किंमत. डेटाफ्रेममधला प्रत्येक रिकामा कॉलम कॅसान्ड्रात टूम्बस्टोन (पुसल्याची खूण) म्हणून लिहिला जातो. ४० कॉलमांपैकी ३० रिकामे असतील, तर एका रोमागे ३० टूम्बस्टोन. एका क्वेरीत ते १,००० च्या वर गेले की लॉगमध्ये इशारा येतो आणि १,००,००० च्या वर गेले की क्वेरीच रद्द होते. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे निदान १० दिवस ते साफही होत नाहीत. आउटपुटची इग्नोअर-नल्स सेटिंग ट्रू केली की हे थांबतं. फक्त जुनी किंमत खरोखर पुसायची असेल, तेव्हा ती फॉल्सच ठेवावी लागते.