‘नाव तेच आहे ना, सर?’ : जीटी १०३० परत करताना

‘जीटी १०३०’ या एकाच नावाची दोन वेगळी ग्राफिक्स कार्डं बाजारात आहेत. तुम्ही ज्याच्याकडे तक्रार करता त्याला ते ठाऊक नसतं. माझे अकरा दिवस एवढ्यात गेले.

मशीन साधंच होतं. ऑफिसमधून निघालेला, बारक्या कॅबिनेटचा सेकंडहँड पीसी, चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि २४० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. सोलापुरात गारमेंटच्या युनिटपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत असले पीसी भरपूर दिसतात. यात कार्ड निवडायला फार वाव नसतो. एसएमपीएसला कार्डाला जादा वीज देणारी ६ पिनची केबल नसते, त्यामुळे कार्डाला जी वीज मिळेल ती मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत ते बसतं त्या स्लॉटमधूनच. नियमाने स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, पण कंपनीच्या बारक्या मशीनमध्ये मर्यादा त्याहून कमी असू शकते, म्हणून मॅन्युअल आधी बघा. कॅबिनेट अरुंद असल्यामुळे कार्डही लो-प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचंच लागतं. एनव्हिडियाच्या १० मालिकेत, म्हणजे २०१६ पासूनच्या पास्कल पिढीत, एवढ्यात बसणारी नावं मुख्यतः तीन : जीटी १०३०, जीटीएक्स १०५० आणि १०५० टीआय. १०६० ला १२० वॅट आणि ६ पिन लागते, त्यामुळे त्याचा विचारच नको. १०५० आणि टीआय दोन्ही ७५ वॅटची, म्हणजे काठावरची. ३० वॅटचं १०३० निर्धास्त, म्हणून तेच मागवलं. ऑर्डर, पैसे, कुरिअर यात काहीच अडलं नाही.

अडलं ते खोकं उघडल्यावर. २०१७ साली आलेल्या मूळ १०३० वर २ जीबी जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी आहे आणि बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा येण्याजाण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाखाली डीडीआर४ या हळू मेमरीचं कार्ड निघालं, त्याची बँडविड्थ १६.८. चिपमधले कोर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, दोन्हींत ३८४, मेमरी २ जीबी, बस (मेमरी आणि चिपमधली वाट) ६४ बिट. पण डीडीआर४ वाल्यात चिपचा वेगही (क्लॉक) थोडा कमी आहे आणि मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश. डेस्कटॉप, व्हिडिओ बघणं, एक्सेल यात फरक कळणार नाही. गेम लावला की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम निम्म्यावर आलेल्या दिसतात. कोर मेमरीची वाट बघत बसतात, दुसरं काय.

साइटवर स्पष्ट ‘जीडीडीआर५’ लिहिलं होतं. आलं ते डीडीआर४. टेकपॉवरअपचं जीपीयू-झी हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं की ‘मेमरी टाइप’ आणि ‘बँडविड्थ’ या दोन चौकटींत सगळं कळतं.

परतीच्या फॉर्ममध्ये कारणं चार : खराब आहे, तुटलं आहे, वेगळी वस्तू आली, आता नको. ‘वेगळी वस्तू’ निवडून स्क्रीनशॉट जोडला. तिसऱ्या दिवशी अर्ज फेटाळला. फोनवरच्या माणसाचं म्हणणं, “सर, तुम्ही जीटी १०३० दोन जीबी मागवलं, जीटी १०३० दोन जीबीच आलंय. नाव तेच आहे ना?” मेमरीचा प्रकार वेगळा आहे म्हटल्यावर उत्तर आलं, “दोन जीबी आहे ना पण?” पुन्हा अर्ज केला. या वेळी कारण आलं की सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही. बरं, मेमरीच्या चिपचा फोटो काढायचा तर वरचा हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) खोलावा लागतो, आणि तो खोलला की हेच लोक वॉरंटी गेली म्हणणार. तो अजिबात खोलू नका.

त्यातच विक्रेत्याने पानावरचा मजकूर बदलला. पाचव्या दिवशी तिथे ‘जीडीडीआर५’ नव्हतंच, नुसतं ‘२ जीबी’. बिलावर तर आधीपासूनच ‘ग्राफिक्स कार्ड २ जीबी’ एवढंच. ऑर्डर करतानाच त्या पानाची पीडीएफ काढून ठेवली होती म्हणून वाचलो. स्क्रीनशॉटपेक्षा पीडीएफ बरी, तिच्यात पानाचा पत्ता आणि तारीख दोन्ही येतात.

शेवटी उपयोगी पडला तो खोक्यावरच्या बारकोडशेजारचा मॉडेल क्रमांक. बऱ्याच उत्पादकांच्या क्रमांकातच ‘डी४’ किंवा ‘डी५’ असतं. गिगाबाइटचं उदाहरण घ्या : एन१०३०डी५ हे जीडीडीआर५, एन१०३०डी४ हे डीडीआर४. उत्पादकाच्या साइटवर तो क्रमांक टाकला की मेमरीचा प्रकार छापील तक्त्यात मिळतो. ऑर्डरच्या दिवसाची पीडीएफ, खोक्यावरच्या क्रमांकाचा फोटो आणि उत्पादकाचं पान अशी तीन कागदं एकत्र केली आणि फोनवरच्या माणसाला नाही, थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. बहुतेक वेळा तो पानाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात सापडतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात, हेही त्याच नियमांत आहे. जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हे वाक्य ईमेलमध्ये जसंच्या तसं घातलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही खाली लिहिला, लावायची वेळ मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी पोच, अकराव्या दिवशी माल उचलायला माणूस दारात. जे काम एका ईमेलचं होतं त्यासाठी मी आठवडाभर फोनवरचं संगीत ऐकलं, याचा राग अजून आहे.

पैसे परत घेतले, बदली कार्ड मागितलं नाही. कार्ड नव्या पेठेतल्या दुकानातून घेतलं. तिथेही काउंटरवर ऐकलं, “एकच की ओ ते, कुठलंबी घ्या.” खोकं उलटं करून क्रमांकात डी५ वाचलं आणि मगच पैसे दिले.

हा घोळ १०३० पुरता नाही. १०५० चेही प्रकार आहेत. २ जीबीच्या १०५० मध्ये ६४० कोर आणि १२८ बिटची बस. २०१८ मध्ये आलेल्या ३ जीबीवाल्यात कोर टीआयइतके, ७६८, पण बस ९६ बिट, म्हणून बँडविड्थ ११२ वरून ८४ वर आली. १०६० मध्ये ६ जीबीला १२८० कोर आणि ३ जीबीला ११५२, म्हणजे तिथे नुसती मेमरी कमी नाही, चिपही छाटलेली आहे. ‘१०६० आहे, स्वस्तात देतो’ असं कोणी म्हटलं तर पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ हाच. जुन्या बाजारात याहून वाईट म्हणजे बनावट टीआय. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या फर्मी पिढीच्या कार्डाचं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून त्याला १०५० टीआय म्हणतात. जीपीयू-झीची नवी आवृत्ती असलं कार्ड ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहिते. विकणाऱ्याच्याच मशीनवर ती चालवून बघा. तो ‘आत्ता मशीन नाही’ म्हणाला तर निघा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तुमचा मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल तर १० मालिकेच्या कार्डातून ॲनालॉग सिग्नल येतच नाही. त्यावरचा डीव्हीआय हा मॉनिटर जोडायचा पोर्ट फक्त डिजिटल आहे, त्यामुळे साधा स्वस्त डीव्हीआय-व्हीजीए जोड त्यात बसतच नाही. चिप असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. तसंच १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओची फाइल झटपट बनवणारा भाग, नाही. स्क्रीन रेकॉर्ड करायची किंवा व्हिडिओ एडिट करून काढायचे असतील तर १०५० च बघा, एसएमपीएस बदलावा लागला तरी. पास्कलचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. किंमत ठरवताना हे विक्रेत्याला ऐकवायला हरकत नाही.

उन्हाळ्याचंही सांगतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. खोली जितकी तापेल, साधारण तितकंच कार्डही वर सरकतं. यंत्रमागाजवळच्या घरात तर सुताचा फुफाटा हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखा बसतो. महिन्यातून एकदा ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते भरधाव फिरलं की बेअरिंगची वाट लागते.

आणि कार्ड कॅबिनेटला धरून ठेवणारी, खोक्यातली जास्तीची पट्टी व तिचे दोन बारीक स्क्रू टाकून देऊ नका. कार्ड परत करायची वेळ आली तर हे लोक स्क्रूसुद्धा मोजून घेतात.