चित्राचा काळ, आवाजाचा काळ : युद्धविषयक माहितीपटांच्या अभ्यासाची नोंद

मागच्या टप्प्यात मी युद्ध आणि संघर्ष या विषयांवरील माहितीपट पाहताना प्रसंगांचा क्रम टिपून ठेवत होते. या वेळी पद्धत बदलली आहे. आता प्रत्येक दृश्यासमोर वहीत दोनच गोष्टी लिहिते : हे चित्र केव्हा टिपले गेले आणि त्यावर ऐकू येणारा आवाज केव्हाचा आहे. युद्धाच्या माहितीपटात या दोन काळांत अंतर पडणे जवळजवळ अटळ असते, कारण गोळी सुटते तेव्हा कोणी सविस्तर बोलत बसत नाही आणि बोलण्याइतकी सवड मिळते तेव्हा समोर गोळीबार उरलेला नसतो. हे अंतर दिग्दर्शक उघडे ठेवतो की बुजवून टाकतो, हा माझ्या लेखी निवेदन, संगीत किंवा कॅमेऱ्याची हालचाल यांच्याही आधीचा निर्णय आहे.

आलँ रेने यांच्या ‘नाईट अँड फॉग’ (१९५६) या ३२ मिनिटांच्या चित्रपटात हे अंतर रंगानेच दाखवलेले आहे. रंगीत चित्रणात कॅमेरा ओस पडलेल्या, गवत माजलेल्या नाझी छळछावण्यांतून संथपणे सरकत राहतो आणि मधूनमधून कृष्णधवल जुनी दृश्ये येतात. निवेदन लिहिणारे जाँ केरोल स्वतः माउथहाउझेनच्या छावणीतून वाचलेले होते, तरीही ते निवेदन ‘मी’ म्हणत आक्रोश करीत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : फ्रान्समधील पिथिव्हिए येथील छावणीच्या एका छायाचित्रात पहाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती आणि फ्रेंच सेन्सॉरने ती झाकायला लावली. छावणीतील मृतदेहांपेक्षा ती एक टोपी सरकारला अधिक अडचणीची वाटली असावी, कारण ती फ्रेंचांचा सहभाग उघड करीत होती.

क्लोद लांझमान यांनी नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरील ‘शोआ’ (१९८५) मध्ये याच्या पुढचे टोक गाठले. साडेनऊ तासांच्या आसपास चालणाऱ्या या चित्रपटात जुन्या चित्रणाची एकही चौकट नाही. आहेत ती आजची रेल्वेस्थानके, आजची रानातली मोकळी जागा आणि बोलणारी माणसे. हा चित्रपट मी तुकड्यातुकड्यांनी पाहिला आणि माझी सर्वाधिक टिपणे संकलनापेक्षा दुभाषीविषयी निघाली. लांझमान फ्रेंचमध्ये प्रश्न विचारतात, दुभाषी तो पोलिश भाषेत सांगते, उत्तर येते आणि मग ते पुन्हा फ्रेंचमध्ये येते. दुसरा कोणताही संकलक हा सगळा मधला वेळ कापून टाकील; इथे तो जागच्या जागी ठेवला आहे. त्यामुळे उत्तराचा अर्थ कळण्याआधी बोलणाऱ्याचा चेहरा आपल्याला बराच वेळ पाहावा लागतो, आणि छावण्यांजवळच्या पोलिश गावकऱ्यांच्या मुलाखतींत एखाद्याच्या ओठांवरचे हसू त्याच्या वाक्याच्या आधीच आपल्यापर्यंत पोहोचते. दृश्याची सजावट न करता नुसत्या विलंबातून केलेली ही मांडणी मला अजूनही पूर्ण उलगडलेली नाही, म्हणून त्या भागाकडे पुन्हा जाणार आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे पीटर जॅक्सन यांचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८). पहिल्या महायुद्धातील मूक चित्रणाचा वेग सुधारून, त्याला रंग देऊन, ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून सैनिकांचे शब्द ओळखून घेऊन ते अभिनेत्यांकडून बोलवून घेतले आहेत. निवेदन मात्र खऱ्या सैनिकांचे आहे, पण ते युद्धानंतर कित्येक दशकांनी, वार्धक्यात ध्वनिमुद्रित झालेले आहे. म्हणजे विशीतल्या मुलाचा चेहरा आणि म्हाताऱ्याचा आवाज असा हा जोड आहे, परंतु बोलणारा कोण हे पडद्यावर सांगितले जात नसल्यामुळे ते अंतर प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. चौकट रुंदावत जाऊन चित्र रंगीत होते तो क्षण विलक्षण आहे, हे मला मान्य आहे. पणजीच्या आमच्या चित्रपटप्रेमी मंडळातील एक सदस्य तर म्हणतात की रंग नसता तर आजचा तरुण प्रेक्षक हे चित्रण पाहायला बसलाच नसता. मला तेवढ्याने समाधान होत नाही. बुजवण्याचा हा मोह माध्यमाइतकाच जुना आहे : १९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या ब्रिटिश चित्रपटात सैनिक खंदकातून वर चढून हल्ल्याला निघतात ते गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते.

‘रेस्ट्रेपो’ (२०१०) मध्ये मार्ग सरळ आहे. अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यातील अमेरिकी सैनिकांचे चित्रण आणि तेथून परतल्यावर इटलीत, काळ्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या त्याच सैनिकांच्या मुलाखती हे दोन काळ कधीच मिसळत नाहीत. निवेदक नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

आवाज नेहमी नंतरचाच असतो असे मात्र नाही, आणि हे ‘जय भीम कॉम्रेड’ने दाखवून दिले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ‘जय भीम कॉम्रेड’चे दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी घोगरे यांना आपल्या जुन्या चित्रपटासाठी पूर्वीच गाताना चित्रित केले होते. तेच गाणे इथे ऐकताना आवाज घटनेच्या आधीचा आणि आपले ऐकणे नंतरचे, असा तिढा तयार होतो. शाहिराच्या गळ्याची सवय असलेल्या मराठी कानाला तो अधिकच बोचतो.

आता स्वतःच्या सरावाविषयी. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने बाणस्तारीचा पूल उडवला. त्यावर एक छोटा माहितीपट करायचा आहे. माशेलच्या एका आजोबांनी लहानपणी तो आवाज ऐकला होता आणि त्यांची पहिली मुलाखत ध्वनिमुद्रित झाली आहे. ते कोकणीत बोलतात, भजनाचा विषय निघाला की मराठीत येतात, आणि स्फोटाचे वर्णन करण्याऐवजी त्यांच्या वडिलांनी त्या वेळी काय केले तेच पुन्हा पुन्हा सांगतात. पडद्यावर त्याच वेळी कुंभारजुवे कालव्यावरचा आजचा पूल, त्यावरची वाहने आणि बाजाराला निघालेली माणसे दिसतील.

गोवा मुक्तीच्या वेळचे भारतीय सैन्याचे चित्रण इथे घालावे, अशी सूचना मला झाली आहे. ते मी वापरणार नाही, कारण त्या चित्रणात कॅमेरा सैन्याबरोबर चालतो आणि हे आजोबा तेव्हा घरात दार लावून बसलेले होते. दोन्ही एकत्र केले की त्यांची आठवण विजयाच्या मिरवणुकीचे पार्श्वनिवेदन बनते. स्फोटाचा तयार ध्वनीही नको. तो आवाज कोणी मुद्रित केलेला नाही, तर माझ्या ध्वनिपट्टीवर तो कुठून यावा? संकलनात माझे प्रश्न ठेवायचे की काढायचे, एवढेच अजून ठरलेले नाही. सध्याच्या आवृत्तीत ते ठेवले आहेत, कारण प्रश्नानंतर आजोबा जितके थांबतात तेवढा वेळ नुसत्या उत्तरांच्या जोडणीत नाहीसा होतो.

पुढच्या टप्प्यात पुलावरचा सकाळचा आणि रात्रीचा ध्वनी वेगवेगळा मुद्रित करीन. पाहण्याच्या यादीत ‘फॉर समा’ (२०१९) घेतला आहे. त्यात वाद अल-कतेब यांनी सीरियातील अलेप्पो शहराच्या वेढ्याचे चित्रण त्या त्या वेळी केले, परंतु निवेदन नंतर, आपल्या मुलीला उद्देशून केले आहे. ऐकणारी व्यक्ती ठरलेली असली की आवाजाच्या काळाचे काय होते, हे त्यावरून तपासायचे आहे. मंडळातील कोणी हा चित्रपट पाहिला असेल, तर त्यांनी निवेदन नेमके कोठे थांबते त्या जागा टिपून ठेवाव्यात, म्हणजे आपल्याला नोंदी ताडून पाहता येतील.