बुडबुडे मोजायचे दिवस

हाडात बसवायचे स्क्रू मॅग्नेशियमचे करता येतील का, हे पाहायला गेले तीन आठवडे मी बुडबुडे मोजतोय. ३७ अंशांवर ठेवलेल्या खारट द्रावणात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची चकती, तिच्यावर उलटं नरसाळं आणि वर ब्युरेट, म्हणजे वायू मोजायची खुणांची काचनळी. मॅग्नेशियम पाण्यात गंजलं की हायड्रोजन सुटतो. १ ग्रॅममागे जवळपास १ लिटर! शरीरात हाच वायू त्वचेखाली फुगवटा आणतो.

तरी या धातूचा मोह सुटत नाही. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा ११० गिगापास्कलच्या आसपास, मॅग्नेशियमचा ४५, आणि हाडाचा त्याहूनही कमी. म्हणजे स्क्रू सगळा भार एकटाच खात नाही, हाडालाही काम उरतं. शिवाय तो विरघळतो, काढायला दुसरं ऑपरेशन नको. फक्त हाड जुळेपर्यंत त्यानं तग धरायला हवा, आणि घोडं तिथंच अडतं. वर हायड्रॉक्साइडचा, म्हणजे गंजाचाच, राखणारा थर बसतो खरा, पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो फोडतं.

पहिली चकती मी स्टीलच्या तारेला टांगली होती. (हसू नका.) सकाळी पाहतो तर तारेजवळ हे एवढं भगदाड, आणि बाकीची चकती बऱ्यापैकी शाबूत. दोन धातू, मध्ये खारं पाणी: चक्क बॅटरीच की! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांबोत या शल्यविशारदानं मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. ८ दिवसांत तिचा चुरा झाला. हे मी वाचलेलं होतं, तरीही!

आता नायलॉनचा दोरा वापरतो.