चाळीशी ओलांडलेली गाडी : ब्रिटनमधील कर, तपासणी आणि विम्याचे नियम

ब्रिटनमध्ये मी चालवतो त्या मॉरिस मायनर या जुन्या मोटारीचे फोटो पाहिल्यापासून अमळनेरचे नाना, धुळ्यातला मावसभाऊ आणि चोपड्याचे शाळासोबती मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत : इतक्या जुन्या गाडीला तिकडे रस्त्यावर येऊ देतात तरी कसे, आणि तिचा टॅक्स, पासिंग, विमा हा सगळा खर्च पेलतो कसा? गाडी १९६७ सालची असून तिला रस्ता कर भरावा लागत नाही आणि कायद्याने वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, हे मी सांगितले तेव्हा फोनवर नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टॅक्स नही, पासिंग नही, मंग सरकार देखस काय?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर पुरेसे देता आले नाही, म्हणून हा लेख. खानदेशात अनेक घरांच्या ओट्याशेजारी किंवा मळ्यातल्या शेडमध्ये अजूनही एखादी फियाट, राजदूत किंवा बुलेट झाकून ठेवलेली आहे. त्या मालकांना इथल्या व्यवस्थेतून काय घेता येईल आणि काय घेऊ नये, हेही त्यात यावे असे मला वाटते.

माझी गाडी आपल्याला अगदी परकी नाही. मॉरिस कंपनीचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे होता. त्याच कंपनीच्या 'ऑक्सफर्ड सिरीज ३' या गाडीवरून बंगालमधल्या उत्तरपाड्यात अँबेसेडर तयार झाली, आणि त्याआधी हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने मॉरिस मायनरच काढली होती. तहसील कचेरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत जी अँबेसेडर आपण पाहिली, तिची ही धाकटी बहीण.

आता कराविषयी. ब्रिटनमध्ये रस्ता कर आपल्यासारखा गाडी घेताना एकरकमी भरायचा नसतो. तो दरवर्षी भरावा लागतो, आणि २००१ पूर्वीच्या मोटारींसाठी तो इंजिनाच्या आकारमानानुसार ठरून दोनशे पौंडांच्या वर जातो. मात्र गाडी तयार होऊन चाळीस वर्षे झाली की तिला 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवता येते आणि कर शून्य होतो. हा हिशेब गाडीच्या वाढदिवसावर नव्हे, तर कॅलेंडर वर्षावर चालतो : १९८४ मध्ये कधीही तयार झालेली गाडी १ एप्रिल २०२५ पासून माफीस पात्र झाली, आणि दर १ एप्रिलला पुढच्या वर्षाच्या गाड्या त्यात येतात. उत्पादनाची नेमकी तारीख ठाऊक नसल्यास जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झालेली नोंदणीही ग्राह्य धरली जाते, कारण डिसेंबरात कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी सुट्टीनंतर नोंदवली गेली असणार, असे गृहीत धरले आहे. वाहन भाड्याने किंवा धंद्यासाठी वापरले जात असेल तर ही सवलत मिळत नाही.

इथे एक गोष्ट नव्या मालकाच्या लक्षात येत नाही, ती मुद्दाम सांगतो. माफी आपोआप मिळत नाही. गाडीचे नोंदणीपुस्तक, म्हणजे आपल्या आरसी बुकासारखा 'व्ही ५ सी' हा कागद, आणि 'व्ही १०' हा अर्ज घेऊन वाहनकराचे काम करणाऱ्या पोस्ट ऑफिसात जावे लागते आणि वर्ग बदलून घ्यावा लागतो. त्यानंतरही दरवर्षी शून्य पौंडांचा कर 'भरावा' लागतो, म्हणजे नूतनीकरण करावेच लागते. स्वान्सी येथील डीव्हीएलए या वाहन नोंदणी कार्यालयाच्या दफ्तरी गाडी एकतर करभरणा झालेली असते किंवा रस्त्याबाहेर ठेवल्याचे घोषित केलेली असते. तिसरी अवस्था नाही. ज्याला गाडी चालवायची नाही त्याने 'सॉर्न' नावाची घोषणा करायची आणि मग ती सार्वजनिक रस्त्याच्या कडेलाही उभी करायची नाही. आपल्याकडे बंद पडलेली जीप वर्षानुवर्षे गल्लीत उभी असते आणि तिची नोंद कोणत्या अवस्थेत आहे हे मालकालाही ठाऊक नसते. ही एक स्वच्छ शिस्त मला मनापासून आवडते.

करमाफीचा इतिहासही सरळ नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला सरकारने पंचवीस वर्षांवरील गाड्यांना माफी दिली, काही वर्षांतच ती १९७३ पूर्वीच्या गाड्यांपाशी गोठवली गेली, आणि २०१४ पासून दरवर्षी पुढे सरकणारी चाळीस वर्षांची मर्यादा आली.

तपासणीचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे आणि माझे मत तिथे कायद्यापेक्षा वेगळे आहे. इथल्या वार्षिक तपासणीला 'एमओटी' म्हणतात. ती १९६० साली सुरू झाली तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. १९६७ पासून तीन वर्षांवरील प्रत्येक गाडीला ती लागू झाली. म्हणजे ज्या तपासणीचा जन्मच जुन्या गाड्यांसाठी झाला, तिच्यातून आज सर्वांत जुन्या गाड्याच वगळल्या आहेत. २०१२ मध्ये १९६० पूर्वीच्या गाड्यांना सूट मिळाली आणि २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक खासगी वाहनांना. या गाड्यांची निगा मालक जिवापाड राखतात, त्या फार कमी अंतर चालतात आणि आधुनिक तपासणी केंद्रातल्या तरुण तंत्रज्ञाला त्यांची रचना ठाऊक नसते, असा युक्तिवाद यामागे होता. त्यावर सरकारने लोकांची मते मागवली तेव्हा विरोध करणारेच अधिक होते, तरीही नियम झाला.

सूट मिळण्याची अट अशी की मागील तीस वर्षांत गाडीत 'मोठा बदल' झालेला नसावा. चेसिस किंवा मोनोकॉक (बॉडी आणि चेसिस एकच असलेला) सांगाडा बदलणे, मूळ पद्धतीचे सस्पेन्शन काढून दुसऱ्या पद्धतीचे बसवणे, सिलिंडरांची संख्या वेगळी असलेले इंजिन घालणे, अशा गोष्टी त्यात येतात; त्याच नमुन्याचा सुटा भाग बसवला, किंवा मूळ भाग मिळेनासा झाल्यामुळे तुल्य भाग घातला, तर तो मोठा बदल ठरत नाही. आणि हे कोण ठरवते? कोणीही अधिकारी गाडी पाहायला येत नाही. मालक स्वतः 'व्ही ११२' या प्रपत्रावर लिहून देतो की गाडी सूट मिळण्यास पात्र आहे. नानांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे : सरकार गाडी पाहत नाही, मालकाची सही पाहते, आणि ती सही खोटी निघाली किंवा गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर सापडली तर मालकाला धरते. तपासणीतून सूट म्हणजे सुस्थितीतून सूट नव्हे. धोकादायक वाहन चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन दंडगुण असा कायदा साठ वर्षांच्या गाडीलाही तसाच लागू आहे.

तरीही मी माझी गाडी दरवर्षी स्वखुशीने एमओटीला नेतो. मोटारीसाठी या तपासणीची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे, आणि ती देताना मला कधी जड वाटत नाही. कारण नेमके सांगतो. मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकापाशी खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा सांधा असतो. चाकाचा उभा खांब त्यात आट्यांवर फिरतो, आणि हाताने चालवायच्या ग्रीसगनने त्यात वेळोवेळी ग्रीस भरावे लागते. ते राहून गेले की आटे झिजतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी वळणावर खांब सांध्यातून निसटून चाक आडवे होते. तपासणीत गाडी जॅकवर उचलतात, चाकाखाली पहार घालून ते वर-खाली हलवतात आणि दुसऱ्या बाजूने दिवा धरून सांध्याकडे पाहतात. मालक आपल्या गाडीवर कितीही प्रेम करीत असला, तरी पहार घालून तिच्याकडे संशयाने पाहणे त्याच्या हातून होत नाही. त्यासाठी परका माणूसच लागतो. भुसावळच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या जुन्या मिस्तरीच्या हातात हे सहज असते, पण इथे तसे गॅरेज शोधावे लागते. म्हणून २०१८ ची सूट मला चुकीची वाटते. वर्षाआड का होईना, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि गंज एवढीच मोजकी तपासणी जुन्या गाड्यांसाठी सक्तीची ठेवायला हवी होती.

विम्यात मात्र वयाची कोणतीही माफी नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यापासून सक्तीचा आहे. २०११ पासून तर गाडी चालवली नाही तरी, जोवर तिची सॉर्न घोषणा केलेली नाही तोवर, विमा सलग चालू असावाच लागतो. खंड पडला की मालकाला शंभर पौंडांच्या दंडाची नोटीस येते. विम्याशिवाय चालवताना पकडले गेल्यास ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडगुण. शिवाय इथली पॉलिसी गाडीइतकीच चालकाला बांधलेली असते. पाहुण्याला "घे, एक चक्कर मारून ये" म्हणून किल्ली देता येत नाही, त्याचे नाव पॉलिसीत असावे लागते.

जुन्या गाड्यांसाठीच्या वेगळ्या पॉलिसी नेहमीच्या गाडीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, पण त्यांच्या अटी नीट वाचाव्या लागतात. वर्षाला ठरावीक मैलांचीच मर्यादा असते, रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असल्याचे दाखवावे लागते, रात्री ती गॅरेजात ठेवण्याची अट असू शकते, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबचे सभासद असल्यास हप्त्यात सवलत मिळते. सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे 'ठरलेली किंमत'. साध्या पॉलिसीत अपघातानंतर कंपनी बाजारभाव ठरवते, आणि जुन्या गाडीचा बाजारभाव हा वादाचा विषय असतो. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत फोटो आणि मूल्यांकनाच्या आधारे रक्कम आधीच मान्य होते. अपघातग्रस्त सांगाडा स्वतःकडे ठेवण्याचा हक्कही अनेक पॉलिसींत मिळतो. गाडीवर ज्याचा जीव आहे, त्याला भरपाईच्या धनादेशाइतकेच हे कलम मोलाचे असते.

हिस्टॉरिक नोंदीचे आणखी दोन लाभ थोडक्यात सांगतो. लंडनच्या अति-कमी उत्सर्जन क्षेत्राचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचे शुल्क) रोजचे साडेबारा पौंड आणि बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवा क्षेत्राचे आठ पौंड या गाड्यांना लागत नाहीत. शहराच्या मध्यभागी गाडी आणण्याचे लंडनचे गर्दी शुल्क मात्र द्यावेच लागते. आणि १९८० पूर्वी बनलेल्या हिस्टॉरिक गाडीवर काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरांचा जुना नंबर कायदेशीरपणे लावता येतो.

आता आपल्या घरच्या नियमांकडे. भारतात केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी 'व्हिंटेज' वाहनांचे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. अर्ज परिवहन पोर्टलवरून फॉर्म २० मध्ये करायचा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढील नूतनीकरण ५,००० रुपये. आधी नोंदवलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नवा नंबर मिळाला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, म्हणजे जळगावचा १९, धुळ्याचा १८ किंवा नंदुरबारचा ३९ हा आकडा त्यावर दिसत नाही. पण मोठा फरक वापरात आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला परवानगी आहे. ब्रिटनमध्ये हिस्टॉरिक गाडी घेऊन मी रोज कामावर गेलो तरी कायदा आडवा येत नाही. आडवी आली तर विम्याची मैलमर्यादा येईल. म्हणजे ब्रिटनमध्ये सवलत देऊनही वापर मोकळा आहे, भारतात ओळख देताना वापर काढून घेतला आहे. माझ्या मते आपल्या नियमाने निदान रविवारच्या फेरीला वाव द्यायला हवा होता, कारण उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते.

म्हणून नानांना माझा सल्ला त्यांच्या गाडीपुरता असा आहे. त्यांची पद्मिनी १९८० ची, म्हणजे व्हिंटेज नोंदीला ती २०३० पर्यंत पात्रच होत नाही. तिच्यासाठी नेहमीचा रस्ताच आहे : पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा. दिल्लीतला जुन्या गाड्यांवरील बंदीचा नियम महाराष्ट्रात नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश वाचून ती भंगारवाल्याला देण्याचे कारण नाही. विम्यात केवळ थर्ड पार्टीवर थांबू नये. पाच वर्षांवरील गाडीची विमा किंमत आपल्याकडे कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते, तेव्हा चारही बाजूंचे, इंजिनाचे आणि चेसिस नंबरचे फोटो आणि डागडुजीची बिले घेऊन कंपनीच्या कार्यालयात बसावे आणि किंमत मागून घ्यावी. धाकट्या काकांची १९७२ ची चेतक मात्र पन्नाशी ओलांडून गेली आहे. ती त्यांना बाजारहाटाला हवी असेल तर व्हिंटेजचा अर्ज करूच नये आणि नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी. ती केवळ जपायची असेल, तर अर्जापूर्वी आरसी बुकातला चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहून घ्यावे.