वीस किलोचा खेळ

कोथरूडमधला आमच्या सोसायटीचा गणपती मानाचा नव्हे, आणि देखावा बघायला रांगा लागाव्यात असाही नव्हे. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर लावल्या की तिथेच मांडव पडायचा. एक संध्याकाळ अथर्वशीर्षाची, एक पाककृती स्पर्धेची, एक फॅन्सी ड्रेसची (त्यात दोनतीन शिवाजी आणि एक भाजीवाली ठरलेली). आणि पाचव्या दिवशी, आरती झाली की काकांची संध्याकाळ.

काका हवाई दलातून निवृत्त होऊन नव्वदच्या दशकाअखेरीस आमच्याकडे राहायला आले. 'बी विंगचे विंग कमांडर' हा विनोद ज्याने केला नाही असा माणूस सोसायटीत नसेल. कारगिल ताजं होतं, त्यामुळे कार्यकारिणीने त्यांना लगेच माईकसमोर उभं केलं. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर. मिग उडवलंत का? नाही. मिराज? नाही. जग्वार तरी? 'नाही रे बाबा, हेलिकॉप्टर. चीता.' आमचे चेहरे पडले. एकाने तरीही नेट धरून विचारलं, 'मग तुम्ही पाडलं काय?'

'बटाट्याची पोती,' काका म्हणाले. 'कांद्याचीपण.'

तिथून पुढे काकांची संध्याकाळ कोणी चुकवली नाही.

त्यांची नोकरी त्यांनी सलग कधी सांगितली नाही, दरवर्षी एखादा तुकडा हाती लागायचा. खडकवासल्याची एनडीए, मग डुंडीगलला किरण विमानावर शिकणं, हकिमपेटला चेतक हेलिकॉप्टर, काही वर्षं ईशान्येत पावसात आणि ढगात. आणि मग लेह. तिथे त्यांच्या हाती चीता आलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. चीता म्हणजे फ्रेंचांचं 'लामा', आपल्याकडे बंगलोरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनवलेलं. १९७२ साली एका फ्रेंच वैमानिकाने लामा चाळीस हजार फुटांच्याही वर नेलं होतं. विक्रम झाला आणि वर इंजिन बंद पडलं, तो इंजिनाशिवाय खाली उतरला. हे कसं, ते दाखवायला काका गणपतीतल्या फेरीवाल्याकडून भिरभिरं आणायचे आणि खुर्चीवर चढून ते झपकन खाली न्यायचे. भिरभिरं फिरायचं. 'खालून वारा येतो तोवर पंखा फिरतो, आणि पंखा फिरतो तोवर आपण पडत नाही, उतरतो.' काकू मागून ओरडायच्या, गुडघ्याकडे बघा जरा!

सियाचेनचं नाव निघालं की काका आधी तारीख सांगत : १३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. त्या हिमनदीवर आपलं सैन्य ठाण मांडायला गेलं तो. कॅप्टन संजय कुलकर्णी आणि कुमाऊँ रेजिमेंटचे जवान सुमारे अठरा हजार फुटांवरच्या बिलाफोंड ला खिंडीत उतरले, ते चीतामधूनच. एका खेपेत मोजकी माणसं, म्हणून एकामागून एक खेपा. त्यानंतर हिमवादळ आलं. कुलकर्णी हे नाव ऐकलं की मागच्या खुर्च्यांवरच्या आज्या न चुकता विचारायच्या, 'कुठले हो हे?' काका मात्र दर वेळी स्पष्ट सांगायचे की त्या दिवशी ते स्वतः तिथे नव्हते, त्यांची पाळी नंतर आली. आमच्याकडे येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांमध्ये इतकं सांगणारा माणूस विरळा.

पण खरी मजा खेळाची. काका घरातला वजनकाटा मांडवात आणून ठेवायचे. वीस हजार फुटांवरची पोस्ट, तिथे मूठभर जवान. हवा इतकी विरळ की पंख्याला धरायला काही नाही आणि इंजिनाचाही जोर निम्मा. जागा वीस किलोची. काय न्याल? आम्ही घरी पळायचो आणि पार्ले-जीचे पुडे, बॅट, गोधडी, बॅटरी असं काहीबाही घेऊन यायचो. एकाने एकदा आजोबांचा ट्रान्झिस्टर आणला, विचारलं नव्हतं. काटा वीसच्या पुढे गेला की काका एकेक वस्तू काढून बाजूला ठेवायचे आणि ज्याची त्याच्याकडे बघायचे. मग स्टॉपवॉच लावून सामान उतरवायला तीस सेकंद. वर इंजिन बंद करायचं नाही, बंद केलं तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. सगळा गोंधळ धावतपळत, काकूंच्या मिक्सरच्या आवाजात. मिक्सर म्हणजे इंजिन.

आणि हे सगळं झाल्यावर काका एक रॉकेलचा कॅन काट्यावर ठेवायचे. झाली खेप. पाणी हवं तर बर्फ वितळवा, बर्फ वितळवायला शेगडी, शेगडीला रॉकेल. आम्हाला हे अन्यायाचं वाटायचं. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या आयांना मात्र लगेच पटायचं. रॉकेलखालोखाल टपाल. छप्पन्न एपीओ या सैन्याच्या टपाल-पत्त्यावर आलेली पत्रं काका मांडीवर ठेवून न्यायचे, वजनात न धरता. येताना बहुतेकदा माणूस आणायचा असे. कोणाच्या बोटांना हिमदंश झालेला, कोणाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं. त्यावरचं पहिलं औषध म्हणजे खाली आणणं. हे सांगताना ते मुलांकडे बघायचे नाहीत, विषय लगेच बदलायचे.

एका वर्षी कार्यकारिणीत मूर्तीच्या उंचीवरून भांडण लागलं. शेजारच्या मंडळाची आठ फुटी, मग आपली का नाही? काकांनी वर राहिलेल्या एका मराठा पलटणीची गोष्ट काढली. पोस्टवर गणपती बसवायचा होता. काकांनी लेहहून चार बोटांची मूर्ती नेली, ओव्हरॉलच्या खिशात, हातमोज्यात गुंडाळून. तिथे आरती म्हणायची तर अर्ध्या कडव्यात धाप लागते, म्हणून जवानांनी दोघादोघांत कडवी वाटून घेतली. भांडण मिटलं असं म्हणणार नाही. मूर्ती चार फुटांची आली आणि वर्गणीचा हिशेब पुढच्या गणपतीपर्यंत चालला.

आता काका सत्तरीच्या पुढे आहेत. भिरभिऱ्याचा प्रयोग काकूंनी बंद पाडलाय. खेळ आमच्याच वयाचे लोक घेतात, काटा डिजिटल आहे आणि त्यावर पॉवर बँका येतात. काका पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पंचगिरी करतात. गेल्या वर्षी दुसरी-तिसरीतल्या एका मुलीने काट्यावर नुसती मॅगीची पाकिटं रचली, वीस किलोच्या आत बसतील तेवढी. काकांनी विचारलं, 'शिजवणार कशावर? पाणी कुठून आणणार?'

'कच्चीच खायची,' ती म्हणाली, 'आम्ही खातो.'

काकांनी पहिलं बक्षीस तिला दिलं. खजिनदार अजून म्हणतात, ते नियमात बसत नाही.