३८६ची डायरी, भाग ४: नवा सेल पाच आठवड्यांत उतरला

मागच्या भागात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझ्या जुन्या ३८६ कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाच्या दुरुस्तीचं काम संपलं. मध्यंतरी मशीन चालू केलं तर पुन्हा सीमॉस बॅटरीची (मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग जपणारी ती) तक्रार आणि तारीख १ जानेवारी १९८०. हार्डडिस्कही गायब. या बायॉसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, डिस्क आपली आपण ओळखता येत नाही. टाइप ४७ (डिस्कची मापं स्वतः भरायचा पर्याय) निवडून ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर असं हाताने भरावं लागतं. (हे आकडे मी केसच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेत. तुम्हीही ठेवा. दर वेळी डिस्क बाहेर काढून लेबल कोण वाचत बसणार?)

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मूळची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच गळली होती. ती काढली, जागा व्हिनेगरने पुसली, कारण गळतं ते अल्कली असतं. मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. तिच्या जागी सीआर २०३२चा, म्हणजे नाण्यासारख्या लिथियम सेलचा, होल्डर लावला आणि मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), पट्टा बोर्डाकडे. डायोड हवाच. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, त्यामुळे मशीन चालू असताना बोर्ड तिच्याकडे करंट ढकलतो. लिथियमच्या सेलमध्ये तो गेला तर सेल फुगतो, गळतो, फुटूही शकतो. मी शॉट्की जातीचा छोटा डायोड, बीएटी ८५ वापरला. पॉवर सप्लायमधले जाडजूड शॉट्की इथे नकोत, त्यांच्यातून उलटा करंट बराच झिरपतो.

तर लावताना ३.२ व्होल्ट दाखवणारा सेल आता २.१वर. पहिला विचार, सेलच खराब निघाला. दुसरा काढून लावणारही होतो, पण आधी हिशेब मांडला. सीआर २०३२मध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. पाच आठवडे म्हणजे ८४० तास. भागाकार केला तर २६८ मायक्रोअँपिअर! असल्या घड्याळाच्या चिपला झोपेत काही मायक्रोअँपिअर पुरतात. म्हणजे कोणीतरी सेल पीत होतं, आणि मी सेल बदलायला निघालो होतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता मोजायचं कसं? माझ्या मल्टिमीटरची मायक्रोअँपिअरची रेंज भरवशाची नाही. म्हणून नव्या सेलच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट बघितले. प्रत्येक मिलिव्होल्टला एक मायक्रोअँपिअर, डोकेफोड नाही. मशीन बंद, पॉवरची वायर काढलेली. आकडा आला २५७.

डायोडवर संशय होता, पण मशीन बंद असताना त्याच्यातून उलटं काही जायचा प्रश्नच नव्हता. मग घड्याळाची चिप सॉकेटमधून उपसली. २४ पायांची, १४६८१८च्या जातीची. पाय चकचकीत, म्हणून मागच्या वेळी मी तिला हात लावला नव्हता. आता चिप बाहेर, सॉकेट रिकामं, आणि मीटरवर अजूनही २४९.

म्हणजे गळती बोर्डावरच. सॉकेट डिसोल्डर करायला पाऊण तास गेला. दोन पायांना सोल्डर धरेचना, तिथे ताजं सोल्डर आणि फ्लक्स घालून पुन्हा शोषून काढावं लागलं. सॉकेट उचललं आणि खाली बघितलं तर हिरवट-पांढरा थर, पार बॅटरीच्या लाइनपासून ग्राउंडच्या पायापर्यंत. बॅटरीतून गळलेलं द्रव ट्रॅकच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांच्या) कडेने, वरच्या हिरव्या मास्कखालून, म्हणजे संरक्षक लेपाखालून, रांगत जातं. वरून पुसलेलं बोर्ड स्वच्छ दिसतं आणि मी त्यालाच भुललो.

थर फायबरच्या पेनने खरवडला, परत व्हिनेगर, पाणी, अल्कोहोल, आणि या वेळी रात्रभर वाळू दिलं. एक ट्रॅक पेनखालीच तुटला. तो आधीच केसाएवढा उरला होता, तिथे पातळ वायर टाकली. नवं सॉकेट लावलं, चिप बसवली, मीटर लावला.

४ मिलिव्होल्ट.

या गतीने सेल कागदावर सहा वर्षांच्या वर जातो. लगेच खूश न होता मशीन १० दिवस बंद ठेवलं. आज चालू केलं: तारीख बरोबर, डिस्क बरोबर, घड्याळ ११ सेकंद मागे. ३२,७६८ हर्ट्झच्या साध्या क्रिस्टलकडून एवढं चालायचंच.

कीबोर्डच्या सॉकेटजवळ मास्कखाली अजून एक काळपट डाग दिसतोय. पुढच्या सुट्टीला तो.